अन्ननलिकेचे द्वार मोकळे झाल्यावर

‘अचॅलेशिया कार्डिया’ या गिळण्याच्या विकारावर तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू छेदण्याची जी शस्त्रक्रिया डॉक्टरमंडळींत ‘पोएम’ या संक्षिप्त नावाने रूढ झाली आहे, ती मुंबई, पुणे, हैदराबाद यांसारख्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत आता नित्याची होऊ लागली असल्यामुळे, तिच्यातून सुखरूप पार पडून घरी परतलेली माणसे मराठी कुटुंबांतही अधूनमधून भेटू लागली आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी काय काय होणार, भूल किती वेळाची, खर्च किती, याची माहिती रुग्णालयात पुष्कळ मिळते. परंतु घरी आल्यावर पहिला घास विनासायास खाली उतरला की त्या आनंदाच्या भरात पुढच्या आयुष्याचा विचार मागे पडतो, आणि जी खबरदारी पुढे वर्षानुवर्षे घ्यावयाची असते तिच्याविषयी सविस्तर असे कोणी बोलत नाही. तो तपशील अशा रुग्णांपुढे आणि त्यांच्या घरच्यांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निरोगी माणसाच्या अन्ननलिकेत घास शिरला की तिच्या भिंतीतील स्नायू वरून खाली क्रमाने आकुंचन पावत त्याला पुढे लोटतात, आणि तो जठराच्या तोंडाशी पोहोचण्याच्या सुमारास तेथील वर्तुळाकार स्नायू सैल होऊन त्याला वाट करून देतो. या विकारात भिंतीतील काही विशिष्ट चेतापेशी नाहीशा झाल्याने या दोन्ही क्रिया एकदमच बिघडतात: खालचा स्नायू वेळेवर सैल होत नाही आणि वरची लाट उत्पन्न होत नाही. दरवर्षी लाखात सुमारे एकालाच हा विकार जडत असल्यामुळे तो ओळखला जाण्यास विलंब लागतो. कोणाला वर्षानुवर्षे ॲसिडिटीची औषधे दिली जातात, रात्रीचा खोकला आणि उतरलेले वजन पाहून कोणाच्या बाबतीत क्षयाचा संशय घेतला जातो, तर कोणाला, विशेषतः तरुण स्त्रियांना, ‘हे सारे मनाचे आहे’ असे सांगून परत पाठविले जाते. ज्याने हा काळ सोसला आहे त्याला शस्त्रक्रियेनंतर आपण पूर्ण बरे झालो असे वाटावे, यात नवल नाही. आणि तरीही ही समजूत पुरती खरी नाही, हे त्याला प्रथमच सांगितले पाहिजे.

या रोगावरील उपचारांचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट ध्यानात येते. १६७४ साली थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने देवमाशाच्या अस्थीच्या काडीला स्पंज बांधून अडलेले अन्न खाली ढकलण्याची आपली युक्ती नोंदवून ठेवली, आणि त्याचा रोगी जेवताना ती काडी स्वतःच्या हाताने वापरीत पंधरा वर्षे जगला. १९१३ साली जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी शस्त्रक्रियेने तो स्नायू बाहेरून छेदला. पुढे हवेच्या फुग्याने तो ताणून फाडण्याची पद्धत आली. आणि २००८ साली जपानमध्ये हारुहिरो इनोऊए यांनी अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराखालून दुर्बिणीने बोगदा करून, पोटावर एकही छेद न घेता, आतूनच तो स्नायू कापून दाखविला. हे सारे उपाय आपापल्या परीने उपयोगी असले तरी त्या सर्वांचे कार्यक्षेत्र एकच, ते म्हणजे खालचे द्वार. नष्ट झालेल्या चेतापेशी त्यांपैकी कोणत्याही उपायाने परत येत नाहीत आणि अन्ननलिकेची लाट बहुतेकांच्या बाबतीत पूर्ववत होत नाही. शेताची मोरी मोकळी केली तरी पाटाला उतार असल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही, तसे येथे आहे: यापुढे अन्न खाली जाणार ते मुख्यतः स्वतःच्या भाराने, आणि तो उतार रुग्णाने आपल्या बसण्याने, उठण्याने आणि झोपण्याने स्वतः निर्माण करावयाचा आहे. शस्त्रक्रियेनंतरचे जीवन सुखाचे होणार की पुन्हा कटकटीचे, हे माझ्या मते शस्त्रवैद्याच्या कौशल्याइतकेच या एका गोष्टीच्या उमजेवर अवलंबून असते.

पहिल्या दोन आठवड्यांविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्या काळातील सूचना प्रत्येक रुग्णालय लेखी देते. बोगद्याचे तोंड बारीक क्लिपांनी बंद केलेले असते, त्यामुळे आधी पातळ आणि मग मऊ अन्न असा क्रम असतो. भाताची पेज, वरणाचे निवळ पाणी, फार आंबट नसलेले ताक, नाचणीची पातळ आंबील, मग गुरगुट्या भात आणि मुगाची सैल खिचडी, असा हा प्रवास आपल्या स्वयंपाकघराला अवघड नाही. क्लिपा पुढे आपोआप गळून शौचावाटे निघून जातात, त्यांची चिंता करू नये. मात्र ताप येणे, छातीत वाढत जाणारी कळ, धाप लागणे, मानेवर किंवा छातीवर कातडीखाली चरचर लागणारी सूज, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखा काळा मल, यांपैकी काहीही घरी आल्यावर दिसले तर सकाळची वाट न पाहता त्याच रुग्णालयाशी संपर्क साधावा. ‘जरा बघू’ असे म्हणून दवडलेली रात्र महागात पडू शकते.

पुढे जो आहार सुरू होतो तो जन्मभराचा, म्हणून त्याविषयी अधिक सांगणे अवश्य आहे. पथ्याच्या लांबलचक याद्या मला पसंत नाहीत. ज्याने वर्षानुवर्षे भीतभीत खाल्ले त्याच्या ताटातून पुन्हा दहा पदार्थ उचलून नेणे हा अन्याय आहे. निषिद्ध असे अन्न फार थोडे असते; बदलावयाची असते ती खाण्याची रीत. ताठ बसावे, पाठ वाकवून ताटावर झुकू नये, आणि पाटावर बसून जेवण्याची सवय असेल तर ताट चौरंगावर ठेवावे, म्हणजे पोट दाबले जात नाही. घास लहान घ्यावा, तो पुरता चावावा, दोनचार घासांमागे पाण्याचा घोट घ्यावा. जेवताना पाणी पिऊ नये हा घरोघरीचा दंडक या रुग्णाला लागू नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना स्पष्ट सांगावे. बर्फाचे पाणी टाळून कोमट पाणी घेतल्यास पुष्कळांना बरे वाटते. कोरडी भाकरी, शिळी पोळी, पाव, मटणाचा चिवट तुकडा, कोरडे पोहे, साबुदाण्याची गोळा झालेली खिचडी हे अडणारे पदार्थ. पण तीच भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करली, मटण शिजवून शिजवून तंतू सुटे केले, पोह्यांवर दह्याचा हात सैल ठेवला, की त्यांतील बहुतेक पदार्थ पुन्हा ताटात येऊ शकतात. एकादशीला खिचडीऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची पातळ आमटी ही तजवीज अधिक सोयीची. जेवण संपल्यावर पेलाभर पाणी प्यावे आणि थोडा वेळ उभे राहावे किंवा सावकाश चालावे, म्हणजे नळीत राहिलेले अन्न खाली उतरते.

येथे आपल्याकडील वामकुक्षीचा प्रश्न उद्भवतो. दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर आडवे होण्याच्या या जुन्या रिवाजातील डाव्या कुशीचा भाग शास्त्राला मान्य आहे, कारण त्या कुशीवर जठरातील आम्ल अन्ननलिकेत कमी चढते. परंतु जेवणानंतर लगेच आडवे होणे हे ज्याच्या अन्ननलिकेला लाट नाही त्याला सर्वथा वर्ज्य आहे. जेवण आणि झोप यांत निदान तीन तासांचे अंतर असावे. डोंबिवलीच्या किंवा विरारच्या गाडीतून रात्री नऊसाडेनऊला घरी पोहोचणाऱ्या माणसाला हे सांगणे सोपे, पाळणे कठीण, याची मला जाणीव आहे. म्हणून त्याने दुपारचे जेवण मुख्य धरावे, संध्याकाळी कचेरीतून निघण्यापूर्वीच डब्यातील थोडे खाऊन घ्यावे आणि घरी आल्यावर सार किंवा पातळ कढण यांवर भागवावे, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग होय. खाटेच्या उशाकडील पायांखाली लाकडी ठोकळे किंवा विटा ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उचलावी. नुसत्या उशांवर उशा रचल्याने मान वाकते आणि पोट दुमडून दाबले जाते, म्हणून तो उपाय कामाचा नाही. जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी उताराची फोमची गादी मिळते, ती घ्यावी. सूर्यनमस्कार, हलासन, सर्वांगासन यांची ज्यांना सवय आहे त्यांनी डॉक्टरांच्या अनुमतीनंतर ती केवळ सकाळी अनशापोटी करावीत.

आता ज्या बाबतीत सर्वाधिक हयगय होते तिच्याकडे वळतो. खालचा स्नायू कापला म्हणजे अन्नाला जशी खाली जाण्याची वाट मिळते, तशीच आम्लाला वर येण्याचीही मिळते, आणि ‘पोएम’मध्ये, हेलर शस्त्रक्रियेत असते तशी, जठराचा भाग अन्ननलिकेभोवती दुमडून आडोसा करण्याची सोय नसते. २०१९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत २२१ रुग्णांपैकी काहींवर ‘पोएम’ आणि काहींवर दुर्बिणीची हेलर शस्त्रक्रिया करण्यात आली. दोन वर्षांनंतर गिळण्याच्या बाबतीतील यश अनुक्रमे सुमारे ८३ आणि ८२ टक्के, म्हणजे जवळजवळ समसमान आढळले, आणि जीवनमानाचे गुणांकही दोन्ही गटांत सारखेच सुधारले. परंतु तिसऱ्या महिन्यातील तपासणीत अन्ननलिकेचा आम्लजन्य दाह ‘पोएम’ झालेल्यांत ५७ टक्के, तर दुसऱ्या गटात २० टक्के दिसून आला, आणि दोन वर्षांनंतरही हे प्रमाण ४४ आणि २९ टक्के राहिले. हे आकडे घाबरविण्यासाठी नाहीत. हा दाह बहुतांशी सौम्य असतो आणि औषधाने आटोक्यात राहतो. पण खरी अडचण वेगळीच आहे. या विकारात अन्ननलिकेची संवेदना बोथट झालेली असल्याने पुष्कळ रुग्णांना जळजळ जाणवतच नाही, आणि उलटपक्षी ज्यांना जळजळ जाणवते त्यांपैकी काहींच्या अन्ननलिकेत आम्लाचा मागमूसही नसतो; अडकून आंबलेले अन्न किंवा स्नायूंचे आचके यांमुळेही तशीच आग होते. सबब, ‘मला काही त्रास नाही’ या रुग्णाच्या शब्दावर डॉक्टरांनी आणि स्वतः रुग्णाने विसंबू नये. दुर्बीण आत घालून अस्तर डोळ्यांनी पाहणे, आणि आवश्यक वाटल्यास चोवीस तासांची आम्लमापन चाचणी करणे, हाच निर्णायक पुरावा होय.

आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल, इसोमेप्राझोल यांसारखी गोळी घरी पाठवताना बहुधा लिहून दिलेली असते. ती सकाळी खाण्यापूर्वी अर्धा तास घ्यावयाची असते. जेवणानंतर घेतल्यास तिचा पुरता उपयोग होत नाही, आणि औषधाच्या दुकानातून आणलेले गुलाबी पातळ औषध तिची जागा घेऊ शकत नाही. ‘एवढे दिवस गोळी कशाला’ असे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी म्हटल्यावरून ती परस्पर बंद करणारे रुग्ण पुष्कळ आढळतात. गोळी किती दिवस घ्यावयाची, मात्रा कमी कधी करावयाची, हे दुर्बिणीत काय दिसले त्यावर ठरते, आणि हा निर्णय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांवर सोपवावा. तंबाखू, गुटखा, मद्य यांना आता या शरीरात थारा असू नये, कारण दीर्घकाळ चाललेल्या या विकारात अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभव मुळातच सर्वसामान्यांपेक्षा अधिक असतो. एकंदरीत पाहता हा संभव अल्पच आहे. तरीपण ज्यांचा विकार दहा वर्षांहून जुना आहे त्यांनी नियतकालिक दुर्बीण-तपासणीविषयी आपल्या डॉक्टरांशी विचारविनिमय करावा.

छातीतील कळ ही या रोगाची सर्वांत हट्टी तक्रार. गिळणे सुधारले तरी ती काहींच्या बाबतीत मागे राहते, विशेषतः ज्यांच्या तपासणीत तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे आचके देणारा, विकार आढळला होता त्यांच्या बाबतीत. अशा वेळी कोमट पाण्याचे दोनचार घोट अनेकांना आराम देतात, आणि वर्षे सरतात तशी ती बहुधा कमी होत जाते. परंतु चाळिशी उलटलेल्या माणसाने, मधुमेही किंवा रक्तदाब असलेल्याने, प्रत्येक कळ अन्ननलिकेच्याच माथी मारू नये. चालताना येणारी, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी, घाम फोडणारी कळ हृदयाची समजूनच दवाखाना गाठावा.

प्रकृतीची नोंद ठेवण्यासाठी एकार्ट यांच्या नावाचे एक साधे मापन जगभर वापरले जाते, आणि ते घरच्या घरी एका वहीत दर महिन्याला उतरवून ठेवण्याजोगे आहे. घास अडणे, अन्न उलटून तोंडात येणे आणि छातीत दुखणे या तीन तक्रारींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यावयाचे: कधीच नाही तर शून्य, कधीमधी तर एक, रोज तर दोन, प्रत्येक जेवणाला तर तीन. चौथा रकाना घटलेल्या वजनाचा: पाच किलोपर्यंत एक, पाच ते दहा किलोला दोन, त्याहून अधिक घटीला तीन. बेरीज तीन किंवा कमी आली तर उपचार यशस्वी समजतात. ती तीनच्या वर चढू लागली तर भेट पुढे ढकलू नये. पण या मापनालाही एक मर्यादा आहे. अनेक वर्षे हळूहळू खाण्याची सवय जडलेला माणूस स्वतःच्या नकळत जुळवून घेत राहतो, आणि नळीत अन्न साठू लागले तरी त्याची तक्रार नसते. म्हणून बेरियम पाजून ठरावीक मिनिटांनी काढलेल्या क्ष-किरण चित्रांवरून नळी किती वेळात रिकामी होते ते पाहणे हितावह असते. वहीत आणखी एक गोष्ट लिहावी: सोबतच्या माणसांच्या तुलनेत जेवायला किती वेळ लागला. ती घरच्यांनी लिहिली तर अधिक विश्वसनीय.

पुन्हा त्रास उद्भवला तर सारे व्यर्थ गेले असे समजण्याचे कारण नाही. ‘पोएम’ची फुग्याच्या उपचाराशी तुलना करणाऱ्या दुसऱ्या एका चाचणीत पाच वर्षांनंतरही ‘पोएम’ झालेल्यांपैकी ८१ टक्के आणि फुग्याचा उपचार झालेल्यांपैकी ४० टक्के रुग्ण चांगले होते; याचा अर्थ, पाचांतील एखाद्याला पुढे काही ना काही उपचार पुन्हा लागू शकतो. फुग्याने ताणणे, दुसऱ्या बाजूने पुन्हा ‘पोएम’ किंवा हेलर शस्त्रक्रिया, हे मार्ग त्याच्यासाठी खुले असतात. त्यासाठी पहिल्या वेळचे दप्तर नीट जपावे: मॅनोमेट्रीचा, म्हणजे अन्ननलिकेतील दाब मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल आणि त्यातील विकाराचा प्रकार, छेद किती लांबीचा व कोणत्या बाजूचा, बेरियमची चित्रे, आधीच्या दुर्बिणीचे निष्कर्ष. लातूर किंवा नंदुरबारसारख्या ठिकाणाहून मोठ्या शहरात जाऊन शस्त्रक्रिया करून आलेल्यांनी हे कागद जिल्ह्याच्या ठिकाणच्या पोटविकारतज्ज्ञांना दाखवून पुढील तपासण्या तेथेच करून घ्याव्यात. साध्या दुर्बीण-तपासणीसाठी प्रत्येक वेळी मुंबई गाठण्याची गरज नसते. पुढे कोणत्याही कारणाने, दाढेच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी का होईना, भूल घ्यावयाची झाली तर भूलतज्ज्ञांना या विकाराविषयी आधीच सांगावे, कारण नेहमीइतका उपवास करूनही या नळीत अन्न शिल्लक असू शकते आणि ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. हाडांसाठी दिल्या जाणाऱ्या अलेंड्रोनेटसारख्या, किंवा डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या नळीत चिकटून राहिल्यास जखम करतात. त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हा इतिहास ठाऊक असलाच पाहिजे.

शरीराच्या या बंदोबस्तात मनाचा विसर पडू नये. या विकाराने माणसाचा घास हिरावला जातो त्यासोबत त्याची पंगतही हिरावली जाते. लग्नाची आमंत्रणे टाळणे, कचेरीत एकट्याने डबा खाणे, पाहुण्यांदेखत मध्येच उठून मोरीकडे धावावे लागेल या धास्तीने ‘मला भूक नाही’ असे सांगणे, ही वर्षे ज्याने काढली तो शस्त्रक्रियेनंतर गिळू लागला तरी चारचौघांत जेवायला बसण्याचे धैर्य त्याला एका दिवसात येत नाही, आणि ते येण्यासाठी घरच्यांची मदत लागते. आपल्याकडे प्रेम आग्रहाने व्यक्त होते. एक पोळी आणखी, एक जिलबी माझ्यासाठी, असे म्हणत वाढणाऱ्या हातात माया असते यात संशय नाही, पण या माणसाच्या बाबतीत आग्रह सोडून द्यावा, त्याच्या ताटाकडे टक लावून पाहू नये, आणि सर्वांचे जेवण आटोपले तरी कोणीतरी एकाने गप्पा मारीत त्याच्या सोबत बसून राहावे. एवढ्याने त्याला जे मिळते ते कोणत्याही औषधाने मिळत नाही. वजन भराभर वाढू लागले की कौतुक होते, तेही जपून करावे, कारण पोटाचा घेर वाढला की आम्लाचा त्रासही वाढतो. आणि लहान मुलावर शस्त्रक्रिया झाली असेल तर शाळेतील बाईंना भेटून त्याला डबा खाण्यास अधिक वेळ मिळेल आणि शेजारी पाण्याची बाटली ठेवता येईल, एवढी व्यवस्था आईवडिलांनी अवश्य करावी.

शस्त्रक्रियेनंतरची पहिली दुर्बीण-तपासणी, त्रास नाही म्हणून, ज्यांनी आजवर केलेली नाही, त्यांनी तिची तारीख याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, आणि त्या भेटीला जाताना जुने कागद व नोंदींची वही बरोबर न्यावी, ही माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.